दोन्ही कागदांवरची सही

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगून टाकतो. गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी मी आमच्या गल्लीत पडलो, असं जे सगळीकडे सांगितलं जातं ते साफ खोटं आहे. मी बसलो होतो. हातात भाजीची पिशवी होती, डोळ्यांपुढे जरा अंधारी आली आणि शहाण्या माणसाने करावं तसं मी खाली टेकलो. आता टेकता टेकता एक चप्पल गटारापाशी गेली, टोमॅटो रस्ताभर झाले आणि डोकं वाण्याच्या दुकानाच्या पायरीवर आपटलं, याला कुणी पडणं म्हणत असेल तर त्याच्या भाषेची मला कीव येते. वाण्याने तोंडावर पाणी मारलं. समोरच्या शिवणवाल्या बाईंनी हातातल्या अर्धवट सदऱ्यानेच वारा घातला. पाच मिनिटांत मी उठून घरी गेलो. विषय संपला.

निदान मला तरी तसं वाटलं होतं. पुढच्या सगळ्या प्रकाराशी त्या बसण्याचा संबंध होता आणि मी सोडून उभ्या गल्लीला तो माहीत होता.

आमची धाकटी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. तिची चार-पाच जणांची एक टोळी आहे आणि ती दर रविवारी सकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत जमते. हल्लीची मुलं जमली की मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात, ही नकाशात घालून बसत. शहरात ऊन कुठे जास्त तापतं, कुठल्या रस्त्यावर किती पावलं सावली नाही, याचा त्यांनी हिशेब मांडला होता. त्यातली एक मुलगी कायम गळ्यात थर्मामीटर अडकवून फिरायची. तिला सगळे मोजपट्टी म्हणत. या मोजपट्टीने एकदा भर बाराला माझ्या गाडीच्या बॉनेटवर थर्मामीटर टेकवला आणि "एकसष्ट!" म्हणून अशी किंचाळली की मला वाटलं आत साप निघाला.

गाडीबद्दल सांगायला हवं. आमच्या दारासमोर अकरा वर्षं माझी गाडी उभी होती. चार दारांपैकी तीन उघडायची. शेवटच्या चार वर्षांत ती कुठे गेली नव्हती, पण गाडी जाते की नाही हा मुद्दाच नसतो, गाडी आहे हा मुद्दा असतो. बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी सकाळी मी तिचं इंजिन दहा मिनिटं चालू ठेवायचो. म्हणजे आत मुलं हवा तापण्याबद्दल बोलत असायची आणि बाहेर मी ती तापवत असायचो. एकदा धाकटीने खिडकी लावून घेतली.

तर त्या मुलांना समजलं की वॉर्ड ऑफिसची एक योजना आहे. वॉर्डातली एक गल्ली निवडायची, तिच्या एका बाजूचं गाड्या लावणं बंद करायचं, तिथलं काँक्रीट फोडायचं आणि बारा झाडं लावायची. अट एकच, गल्लीतल्या दोन तृतीयांश घरांच्या सह्या हव्यात. आमच्या गल्लीत चाळीस घरं, म्हणजे सत्तावीस सह्या. मुलांनी पंधरा दिवस दारं वाजवली आणि अकरा आणल्या. बाकीचे म्हणत, "बाळ, घरी मोठं कुणी आहे का? त्यांना पाठव."

इथे मी उठलो. माणसाने कधी उठावं आणि कधी बसून राहावं हे ज्याला कळतं तो सुखी होतो, मी त्यातला नाही.

"द्या तो कागद इकडे," मी म्हणालो. "चाळीस घरं म्हणजे माझा एक रविवार."

"खरंच बाबा?" धाकटीचा चेहरा असा उजळला की मला वाटलं तिने दहावीचा निकाल परत ऐकला. "पण आधी वाचून घ्या हं. निदान पहिला परिच्छेद तरी."

"अगं, तीस वर्षं मी कागदच वाचतोय."

हे मात्र खरं आहे. मी विमा कंपनीत कामाला आहे. लोकांचे अर्ज तपासतो. 'सही करण्यापूर्वी वाचा' ही पाटी माझ्या टेबलावर आहे आणि तिच्याकडे बोट दाखवून मी आजवर शेकडो लोकांचे दावे नाकारले आहेत. विधवांना बोट दाखवलंय, म्हाताऱ्यांना दाखवलंय. आणि त्या दिवशी मी पोरीचा कागद न वाचता घडी घालून खिशात टाकला. त्यात असून असून काय असणार? ऊन वाढलं, झाडं हवीत. मुलांचं लिखाण.

माझी सही मात्र मी आधीच्या अकरांच्याही वर, समासात ठोकली. माझी सही बघण्यासारखी आहे. शेवटच्या अक्षरातून एक शेपटी निघते, ती मागे वळून पहिल्या अक्षराला वळसा घालते. ऑफिसातल्या वरिष्ठांनीसुद्धा तिचं कौतुक केलंय.

मग मी दारोदार निघालो. आणि काय सांगू, लोक माझ्याशी विलक्षण प्रेमाने वागायला लागले. दंतवैद्यांनी कागद वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आता कसं काय? बरं आहे ना?" मी म्हटलं, दात उत्तम आहेत. ते म्हणाले, "पाणी भरपूर पीत जा," आणि सही केली. कोपऱ्यावरच्या मावशींनी कागद वाचून मला आत बसवलं, पंखा माझ्याकडे वळवला. वाण्याने वाचता वाचता नाक ओढलं आणि म्हणाला, "पोरगी चांगली आहे तुमची." मला वाटलं, हा माझ्या व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव. घरी येऊन मी तसं बोलूनही दाखवलं. बायको म्हणाली, "कागद वाचलात का तुम्ही?" मी म्हटलं, वेळ कुठे आहे.

सल्ले मात्र फार मिळाले. सहा नंबरवाले म्हणाले, झाडं हवीतच, पण माझ्या दारात नकोत, पानं पडतात, तुमच्या दारात लावा. सात नंबरवाले म्हणाले, सहा नंबरच्या दारात लावा, त्यांना पानांचा फार राग आहे. एकांनी झाड लावायला परवानगी दिली, पण वाढू देऊ नका म्हणाले. सह्या मात्र या सगळ्यांनी केल्या.

एका रविवारचे तीन रविवार झाले आणि पुढच्या सोमवारी एकतीस सह्या घेऊन मी वॉर्ड ऑफिसच्या खिडकीशी उभा राहिलो. खिडकीतल्या बाईंनी कागद न उघडता सांगितलं, "हा जुना नमुना."

"मग नवा द्या."

"नवा संपलाय."

"मग जुना घ्या."

"जुना चालत नाही."

मी माझ्या ऑफिसात टेबलाच्या त्या बाजूला बसतो, त्यामुळे हे संभाषण मला तोंडपाठ होतं. फक्त या बाजूने ते इतकं झोंबतं हे माहीत नव्हतं. आठ दिवसांनी नवा नमुना आला. अर्जाचा मजकूर मुलांनी तोच उतरवला, पण सह्या पुन्हा घ्यायच्या. मी पुन्हा चाळीस दारं वाजवली. "परत? मागच्या सह्या कुठे घालवल्या?" हे ऐकत एकतीस सह्या पुन्हा मिळवल्या. मग कळलं, सह्या कागदाच्या एकाच बाजूला हव्यात. तिसऱ्या फेरीपर्यंत गल्लीला अशी सवय लागली की मला बघितलं की लोक खिशातून पेन काढत. मी दिसलो की सही, बोलणं नंतर. ही सवय पुढे नडली.

अर्ज शेवटी दाखल झाला. पोच मिळाली. त्या संध्याकाळी धाकटी माझ्या खुर्चीशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, तुमच्यामुळे झालं हं." चहात साखर नव्हती तरी मी तो गोड मानून प्यालो.

दुसऱ्याच दिवशी साहेबांनी मला गाठलं.

साहेब म्हणजे आमच्या गल्लीतले निवृत्त इंजिनियर. नऊ वर्षांपूर्वी ही गल्ली काँक्रीटची झाली ती त्यांच्या देखरेखीखाली. आजही सकाळी फिरायला निघाले की मध्येच थांबून काँक्रीटवर बुटाची टाच आपटतात आणि आवाज ऐकून खूश होतात. माझ्या कागदावर त्यांनी सही केली होती, कारण मी समोर उभा होतो.

"तुमच्यासाठी मी सही केली की नाही?" त्यांनी विचारलं.

"केलीत ना."

"मग आता माझ्यासाठी करा." त्यांनी कागद पुढे केला. विषयाची ओळ ठळक होती. गल्लीतील काँक्रीट व वाहनांची जागा कायम ठेवण्याबाबत.

आता इथे मी म्हणू शकलो असतो की मी वाचलं नाही. समोर माणूस उभा असताना त्याचा कागद वाचत बसणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं, असं आमच्याकडे मानतात, आणि मी बरेच दिवस सगळ्यांना तेच सांगत होतो. पण खरं सांगतो, ती ओळ मी वाचली. चांगली वाचली.

"अहो, पण माझ्या मुलीचाच अर्ज..."

"तो आहेच की! त्याला कोण नाही म्हणतंय? हा आपला नुसता एक कागद. दोन्ही बाजूंनी गेलेलं बरं असतं." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि मला सांगा, तुमची गाडी कुठे लावणार?"

मी गाडीकडे बघितलं. कव्हरच्या आत ती निमूट उभी होती. ती बाजू जाणार म्हणजे माझ्याच दारातली बाजू जाणार, हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. मी ते मनात येऊ दिलं नव्हतं इतकंच. साहेबांनी पेनचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं, आणि मी साहेबांच्या खाली, दुसऱ्या क्रमांकाला, शेपटीसकट सही केली. वाटलं, कोण बघतंय!

साहेबांनी तो कागद घेऊन अख्खी गल्ली पालथी घातली. प्रत्येक दारात ते एवढंच म्हणत, "हे बघा, पोरीच्या बापाचीसुद्धा सही आहे." लोकांना वाटलं, चौथी फेरी असेल. पेनं तयारच होती.

सुनावणीचा दिवस उजाडला. वॉर्ड ऑफिसचं सभागृह म्हणजे एक लांबट खोली. खुर्च्या बांधून ठेवलेल्या, पंखे तीन, चालू एक, आणि तो अधिकारी बाईंच्या डोक्यावर. मुलं पुढच्या रांगेत बसली होती. मोजपट्टीने गळ्यातला थर्मामीटर काढून तक्त्यांच्या गुंडाळीवर ठेवला होता. धाकटीने इस्त्रीचा कुडता घातला होता आणि तिच्या हातातला कागद घामाने मऊ झाला होता. तिने मला शेजारची खुर्ची धरून ठेवली होती. मी रजा टाकून आलो होतो, पांढरा शर्ट घालून. एखाद्या सत्काराला जावं तसा.

धाकटी बोलली. छान बोलली. आमच्या गल्लीत दुपारी काँक्रीट किती तापतं, शिवणवाल्या बाईंच्या घरामागच्या एकुलत्या एका झाडाखाली किती असतं, दोन्हीत चौदा अंशांचा फरक कसा, हे तिने तक्त्यावर दाखवलं. अधिकारी बाई मान हलवत होत्या. मला इतका अभिमान वाटला की मी मागे वळून अनोळखी माणसाला सांगितलं, "माझी मुलगी."

मग अधिकारी बाईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले, साखळीचा चष्मा नाकावर चढवला आणि म्हणाल्या, "एकतीस सह्या बाजूने. सव्वीस विरोधात. गल्लीत घरं किती?"

"चाळीस," साहेब म्हणाले.

"एकतीस आणि सव्वीस सत्तावन्न होतात."

बाईंनी बोटाने दोन्हीकडच्या सह्या ताडून बघायला सुरुवात केली. त्यांचं बोट जसजसं खाली सरकलं तसतसा माझ्या पाठीवरून घाम खाली सरकला.

"ही शेपटीची सही कुणाची?"

सगळ्या गल्लीने माझ्याकडे बघितलं. मी उभा राहिलो.

"ही तुमची?"

"हो."

"आणि ही?"

"तीही."

"अहो, मग तुमचं म्हणणं काय आहे नेमकं?"

त्या क्षणी एक वाक्य बोलायला हवं होतं. चूक झाली, माझी दुसरी सही खोडा. बास. चार शब्दांचं काम होतं. पण डावीकडे धाकटी बसली होती, उजवीकडे साहेब, दोघंही माझ्याकडे बघत होते, आणि माझ्या तोंडून निघालं, "मॅडम, तसं बघितलं तर दोघांचंही बरोबर आहे."

खोली हसली. पोटभर हसली. अधिकारी बाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. वाणी हसला, दंतवैद्य हसले, माझ्यासारख्याच ज्यांच्या दोन-दोन सह्या होत्या ते बाकीचे बावीस जण सगळ्यात जास्त हसले. फक्त पुढच्या रांगेतली पाच मुलं हसली नाहीत. धाकटीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती हातातल्या कागदाची घडी घालत होती, मग आणखी एक घडी, मग आणखी एक.

शिवणवाल्या बाई तेवढ्या उभ्या राहिल्या. "माझी सही एकाच कागदावर आहे," त्या म्हणाल्या. "साहेब माझ्याकडेही आले होते. मी नाही म्हटलं. नाही म्हणायला काय लागतं?"

काय लागतं ते मला ठाऊक नाही, पण माझ्याकडे ते नव्हतं.

नियम असा निघाला की ज्यांच्या दोन्हीकडे सह्या त्या दोन्हीकडून बाद. बाजूने उरल्या आठ. योजना मागच्या गल्लीला गेली. पुढचा अर्ज पुढच्या वर्षी.

बाहेर पडताना मोजपट्टी माझ्यापाशी थांबली. मला वाटलं आता ही तोंडावर काहीतरी फेकणार. ती म्हणाली, "काका, उन्हातून नका जाऊ. रिक्षा करा." यापेक्षा तिने थर्मामीटर फेकून मारला असता तरी चाललं असतं.

घरी धाकटीने आदळआपट केली नाही. जेवली. ताट उचललं. मग म्हणाली, "बाबा, अकरा होत्या ना आमच्या, त्यातल्या आठ अजून एकाच कागदावर आहेत." आणि झोपायला गेली. बायको म्हणाली, "मी काही बोलत नाही," आणि खरोखरच आठ दिवस काही बोलली नाही. ऑफिसात मी 'सही करण्यापूर्वी वाचा' ही पाटी ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. शिपायाने ती दुसऱ्या दिवशी पुसून परत टेबलावर ठेवली. मी पुन्हा ठेवली, त्याने पुन्हा काढली. शेवटी मी ती लोकांकडे पाठ करून, माझ्याकडे तोंड करून लावली.

लाज ही काही एकदम येत नाही. ती सकाळी दूध आणायला गेल्यावर येते, वाण्याने "काय, दोन पिशव्या देऊ की एक?" विचारल्यावर येते. साहेब रस्त्यात भेटले की अत्यंत आपुलकीने माझ्या खांद्यावर हात ठेवत. तो हात सगळ्यात जड असायचा.

महिन्याने एका रविवारी मी गाडी विकली. विकली म्हणजे भंगारवाल्याने ती न्यायचं कबूल केलं. त्याचा टेम्पो गल्लीत शिरेना, म्हणून गाडी तोंडापर्यंत ढकलत न्यायची ठरली. ती हलेना. चारही टायर बसले होते, चार वर्षांत तिने मुळं धरली होती म्हणा ना. मी एकटा ढकलतोय हे बघून गल्ली सल्ले द्यायला बाहेर आली. ब्रेक काढा. गिअर बघा. साहेबांनी कोन किती अंशांचा हवा ते सांगितलं. ढकलायला कुणी आलं नाही. मला दम लागला, डोळ्यांपुढे पुन्हा ती अंधारी यायला लागली. तेवढ्यात शेजारी दोन हात दिसले, मग आणखी आठ. धाकटी, मोजपट्टी आणि टोळी. गाडी कण्हली आणि निघाली.

परत आलो तेव्हा आमच्या दारासमोर एक मोकळा चौकोन होता. मोजपट्टीने सवयीने त्यावर थर्मामीटर ठेवला. मी वाण्याच्या पायरीवर बसलो. या वेळी खरोखरच बसलो. धाकटीने पाण्याची बाटली दिली आणि पिशवीतून एक कागद काढला. पुढच्या वर्षीचा नमुना, आत्ताच भरलेला.

"पहिली सही कुणाची घ्यायची?" ती म्हणाली.

मी घाईने पेन काढलं.

"नाही," ती म्हणाली. "वाचून."

ती समोर उभी राहिली आणि मी वाचायला लागलो. मजकूर आधीच्या अर्जातलाच होता, मी तीन वेळा चाळीस दारं फिरवलेला. पहिला परिच्छेद असा होता: 'गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतले एक गृहस्थ दुपारी भाजी घेऊन येताना रस्त्यात चक्कर येऊन पडले. कोपऱ्यापासून ते पडले त्या जागेपर्यंत एकशे बारा पावलांत कुठेही सावली नाही. ती पावलं आम्ही मोजली आहेत. ते गृहस्थ माझे वडील आहेत. पुढच्या उन्हाळ्यात ते पुन्हा त्याच रस्त्याने येतील.'

मग मला दंतवैद्यांचं पाणी आठवलं, मावशींनी वळवलेला पंखा आठवला, वाण्याने ओढलेलं नाक आठवलं. मान वर करावीशी वाटेना. एकशे बारा पावलं. भर उन्हात तिने ती मोजली होती आणि मी त्या वेळी गाडीचं इंजिन चालू ठेवत होतो.

"एक दुरुस्ती आहे," मी म्हणालो.

"काय?"

मी 'पडले' या शब्दावर पेन टेकवलं. ती माझ्याकडे बघत होती.

"काही नाही," मी म्हणालो, "बरोबर आहे," आणि खाली सही केली.